रिसायकलिंगचा रेट कमी म्हणून शेडचं काम जाणार होतं: सत्तरी आणि बार्देशातल्या दोन गावांचं प्रकरण

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या आमच्या पंचायतीची सुक्या कचऱ्याची शेड गावातल्याच एका स्वयंसहाय्य गटाच्या बायका चालवतात. टेम्पोतनं घरोघरच्या गोण्या येतात, त्या ओतायच्या, पुठ्ठा एकीकडे, पेट बाटल्या एकीकडे, दुधाच्या पिशव्या, काच, चपला, औषधांच्या पट्ट्या सगळं वेगळं करायचं आणि शेवटी जे कशातच बसत नाही, म्हंजे वेफर्सची पाकिटं, गुटख्याच्या पुड्या, ताडपत्रीचे तुकडे, ते दाबून गठ्ठे बांधून ठेवायचे. मी पंचायतीच्या कचरा समितीवर आहे आणि शेडचं रजिस्टर माझ्याकडे असतं.

तर झालं असं की ग्रामसभेच्या आधी एक कागद फिरायला लागला. पंचायतीतच कुणीतरी वेगवेगळ्या गावांचे रिसायकलिंगचे टक्के गोळा करून तक्ता बनवला होता. बार्देश तालुक्याच्या किनाऱ्यावरचं एक गाव (नाव देत नाही, कारण त्यांनी कुणाचं काही वाईट केलेलं नाही) एकदम वर, आणि आम्ही खाली, त्यांच्या अर्ध्याहूनही कमी. कागद नुसता फिरला असता तर सोडून दिलं असतं, पण त्यातनं लगेच प्रस्ताव आला की शेडचं काम गटाकडनं काढून कॉन्ट्रॅक्टरला द्यावं, गटाला काही ते जमत नाही असं आकडेच सांगतायत. एक पंच मला म्हणाले, "अगो बाय, आकड्यांशी भांडून काय उपयोग? त्यांचं बघ आणि आपलं बघ." गटाच्या अध्यक्ष काकी तिथेच उभ्या होत्या, त्या म्हणाल्या, "भाऊ, माझ्या घरचं उष्टं गाय खाते, ते मी शेडमध्ये आणून तोलू काय?"

काकींनी एका वाक्यात जे सांगितलं ते सभेला पटेल असं कागदावर मांडायला मला पुढचे कितीतरी आठवडे लागले, आणि ते सगळं इथे सविस्तर लिहितेय कारण असा तक्ता उद्या पेडण्यात, काणकोणात, नाहीतर पलीकडे सावंतवाडी-कुडाळात पण फिरू शकतो आणि त्यावर कुणाचं तरी काम जाऊ शकतं.

पहिलं काम केलं ते म्हंजे दोन्ही गावांची टक्केवारी आली कशी ते शोधलं. टक्का म्हंजे भागाकार, वर काहीतरी असतं आणि खाली काहीतरी असतं, आणि गंमत म्हणा की दुर्दैव म्हणा, तक्त्यात फक्त उत्तर होतं, वरचं-खालचं काहीच नव्हतं. आमच्या शेडमध्ये वर धरतो भंगारवाल्याला विकलेला माल, त्याची पावती असते म्हणून, आणि खाली धरतो शेडमध्ये आलेला सगळा सुका कचरा. ओला कचरा आमच्या शेडमध्ये येतच नाही, त्यामुळे तो ना वर ना खाली. किनाऱ्यावरच्या गावातली पद्धत अगदी वेगळी. तिथे ओला-सुका दोन्ही उचलतात. ओला जातो साळगावच्या प्रकल्पात, तो प्रकल्प २०१६ ला सुरू झाला तेव्हा रोजच्या १०० टनांचा होता, नंतर वाढवून २५० टनांचा केला, तिथे त्याचा बायोगॅस होतो, त्यावर वीज बनते, खत निघतं, काम चांगलं आहे. पण गावाच्या हिशेबात प्रकल्पाच्या गेटमधनं आत गेलेला सगळा ओला कचरा रिसायकल झाला म्हणून धरला होता. त्यात चुकून गेलेलं प्लास्टिक, कापड, काच, जे तिथे बाजूला काढावं लागतं, ते वजा केलेलं नव्हतं. आणि सुक्यातले जे गठ्ठे विकले जात नाहीत ते सुद्धा वरच्याच आकड्यात.

या गठ्ठ्यांचं जरा थांबून सांगायला हवं, कारण प्रकरणाची गाठ इथेच होती. गोव्यात पंचायतींकडे साठलेला, विकला न जाणारा सुका कचरा गोवा वेस्ट मॅनेजमेंट कॉर्पोरेशनमार्फत गठ्ठे करून कर्नाटकातल्या सिमेंट कारखान्यांना जातो. तिथल्या भट्टीत तो कोळशाच्या बरोबरीने जळतो. उघड्यावर जाळण्यापेक्षा किंवा डोंगरात फेकण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही, भट्टीचं तापमान हजार डिग्रीच्या खूप वर असतं आणि राखही सिमेंटमध्येच मुरते. पण पाकिटाचं परत पाकीट होत नाही, पुन्हा काहीच होत नाही, ते जळतं. आपल्याकडच्या सरकारी भाषेत याला प्रक्रिया झाली म्हणतात आणि ते बरोबर आहे, पण "प्रक्रिया" च्या रकान्यातला आकडा उचलून "रिसायकलिंग" च्या रकान्यात टाकला की गाव एका रात्रीत वर जातं. युरोपात कचरा जाळून ऊर्जा काढली तर ती रिसायकलिंगमध्ये धरत नाहीत. आमच्या शेडमधनंही तेच गठ्ठे त्याच रस्त्याने जातात, फक्त आमच्या रजिस्टरला ते "उरलेला" म्हणून लिहिलेले असतात.

आता हे सभेत बोलून सांगितलं तर लोक म्हणणार की हरलेले लोक कारणं सांगतायत. म्हणून मी फळ्यावर एक हिशेब मांडला, तो इथे तसाच देते. खरे आकडे नाहीत हे, समजायला सोपं जावं म्हणून धरलेले.

समजा आमच्या गावात काही घरांचा मिळून १०० किलो कचरा झाला. त्यातला ६० किलो ओला, तो गाईला, गोठ्यामागच्या गायरीत (शेणखताच्या खड्ड्यात) आणि माडांच्या मुळात गेला. १५ किलो, म्हंजे रद्दी, पत्रा, बाटल्या, परस्पर दारावरच्या भंगारवाल्याला गेला. शेडमध्ये आला फक्त २५ किलो, आणि तो सगळा निवडून-वेचून राहिलेला गाळ. त्यातनंही बायकांनी ८ किलो विकण्यालायक काढला, १७ किलोचे गठ्ठे बांधले. आमचा रेट ८ भागिले २५, म्हंजे ३२ टक्के. आता किनाऱ्यावरच्या गावात १०० किलो झाला, तो सगळाच्या सगळा गाडीत आला. ५५ किलो ओला साळगावला, १५ किलो सुका विकला, ३० किलोचे गठ्ठे. गठ्ठे बाजूला ठेवले तरी रेट ७० टक्के, आणि गठ्ठे वर धरले तर १००. आणि मागे उरलं किती? आमच्याकडे १७ किलो, त्यांच्याकडे ३०. ज्या गावात कमी उरतं त्याचा रेट ३२ आणि ज्या गावात जवळजवळ दुप्पट उरतं त्याचा रेट ७०.

सभेत मागच्या बाकावरनं एक आजोबा म्हणाले, म्हंजे आपण घरीच सगळं निस्तरतो म्हणून आपण नापास. इतकं सरळ मला पण मांडता आलं नव्हतं.

तरीही पंचांचं समाधान नव्हतं, आणि त्यांचा मुद्दा रास्त होता तो असा, की जगभर असेच टक्के लावतात, जर्मनी, जपान, सिंगापूर सगळ्यांचे टक्के पेपरात येतात, मग आपणच काय वेगळे. म्हणून मग जगाचंही थोडं बघितलं, आणि बघितल्यावर माझी खात्री आणखी पक्की झाली.

जपानचंच घ्या. सगळ्यात स्वच्छ देश म्हणून आपण नाव घेतो आणि त्यांचा नागरी कचऱ्याचा रिसायकलिंग रेट २० टक्क्यांच्या आसपास. कारण ते बहुतेक कचरा जाळतात, नीट, धूर गाळून, पण जाळतातच. आणि त्याच जपानात कामिकात्सु नावाचं दीड हजाराच्या आसपास वस्तीचं डोंगरातलं गाव, २००३ मध्ये त्यांनी शून्य कचऱ्याचा ठराव केला, लोक चाळीसहून जास्त प्रकारांत कचरा वेगळा करतात आणि रेट ८० टक्क्यांच्या जवळ. तिथे ओला कचरा घरीच जिरवतात, गाडी तो उचलतच नाही. एकाच देशात २० आणि ८०, मग "जपान" म्हणून एक आकडा सांगून काय कळलं?

सिंगापूरचं तर आणखीच बोलकं आहे. २०२३ चा त्यांचा एकूण रिसायकलिंग रेट ५२ टक्के, आणि फक्त घरगुती बघितला तर १२. एकूण आकडा वर जातो तो बांधकामाचा राडारोडा, लोखंड अशा जड मालाने, तो जवळपास सगळा परत वापरला जातो. घरातनं येणारा कचरा मात्र बहुतांश जाळायला जातो. कुणी सिंगापूरचा ५२ घेऊन गोव्यातल्या घरगुती कचऱ्याशी तुलना केली तर ती तुलना मुळातच उभी राहत नाही.

ब्रिटनमधलं उदाहरण मला सगळ्यात उपयोगी पडलं कारण तिथे एकाच भागाचे दोन सरकारी आकडे आहेत. वेल्सचा स्वतःचा आकडा ६५ टक्क्यांच्या वर, आणि लंडनहून चारही भागांची तुलना करायला जी सामाईक पद्धत वापरतात त्यात वेल्सचा आकडा ५७ च्या आसपास. दोन्ही खरे, कुणीही खोटं बोलत नाही, वर आणि खाली काय धरायचं ते वेगळं. आणि दोन्ही पद्धतींत वेल्स इंग्लंडच्या पुढेच आहे, कारण तिथे अन्नकचरा दर आठवड्याला वेगळा उचलतात आणि नगरपालिकांना कायद्याने लक्ष्य बांधून दिलंय. इंग्लंडच्या आत साउथ ऑक्सफर्डशायरसारखा भाग ६० च्या वर आणि लंडनमधला टॉवर हॅम्लेट्स २० च्या खाली. एकीकडे बागा असलेली घरं, बागेतलं गवत-फांद्या जड असतात, गाडीत गेल्या की रेट चढतो. दुसरीकडे उंच इमारतींतले छोटे फ्लॅट, कचरा टाकायला एकच नळकांडं. आणि ज्या माणसाने बागेतलं गवत घरच्या घरीच कुजवलं त्याचं वजन कुठल्याच आकड्यात येत नाही. म्हंजे आमच्या काकींची गाय तिथे पण मोजली जात नाही!

युरोपियन युनियनने शेवटी यावर बोट ठेवलं. आधी बरेच देश गोळा केलेला किंवा वेगळा केलेला माल म्हंजे रिसायकल झालेला माल असं धरायचे. आता नियम असा की निवडून, घाण काढून, प्रत्यक्ष रिसायकलिंगच्या मशीनमध्ये जे घातलं तेच मोजायचं. त्यावर लक्ष्य ठेवलंय, २०२५ ला ५५ टक्के, २०३० ला ६०, २०३५ ला ६५. मोजायची जागा पुढे सरकवली की बऱ्याच देशांचा आकडा खाली येतो, रस्त्यावरचा कचरा मात्र तेवढाच असतो.

असो. परत गावात येते.

मोजायची जागा म्हटल्यावर आम्ही दोन्ही शेडचे काटे बघितले. किनाऱ्यावरच्या शेडच्या सुपरवायझरने सगळं दाखवलं, रजिस्टर उघडून दिलं, चहा पाजला, माणूस मनापासून काम करणारा आहे. तिथे गाडी आत येतानाच भरलेली तोलतात. आमच्याकडे निवडून झाल्यावर, गोणी-गोणीने लटकत्या काट्यावर तोलतात. मे महिन्यात फरक थोडा असतो, पण जून लागला की पुठ्ठा पाणी पितो, गाडीच्या हौद्यात पाणी साचतं, आणि गेटवर तोललेला कचरा म्हंजे अर्धा पाऊस. गोव्यात पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो, सत्तरीत घाटाच्या पायथ्याला त्याहून जास्त. आमच्या बायका भिजलेला पुठ्ठा दोरीवर वाळवून मग विकतात कारण भंगारवाला ओल्याचे पैसे कापतो, म्हंजे आमचं विक्रीचं वजन कोरडं. एका गावाचं वजन ओलं, दुसऱ्याचं सुकं, आणि तक्त्यात दोन्ही शेजारी शेजारी.

मग काच. किनाऱ्यावर शॅक, बार, हॉटेलं, बाटल्यांचा खच पडतो. रिकामी मोठी बियरची बाटली अर्ध्या किलोच्या जवळपास भरते आणि वेफर्सचं रिकामं पाकीट दोन-चार ग्रॅम. म्हंजे एक बाटली शेडमध्ये आली की शंभराच्या वर पाकिटं वजनात झाकली जातात. वजनावर काढलेल्या टक्क्यात काच वेगळी केलेलं गाव नेहमी पुढे राहणार आणि प्लास्टिकच्या पाकिटांशी झगडणारं गाव मागे, भले त्या गावाने ओहोळात एक पाकीट जाऊ दिलं नसेल. आमच्याकडे अख्ख्या बाटल्या बारवाला आणि घरवाले थेट बाटलीवाल्याला देतात, त्या धुवून परत भरल्या जातात, जी फोडून वितळवण्यापेक्षा कितीतरी चांगली गोष्ट, पण रजिस्टरला शून्य.

आणि माणसं किती धरायची? २०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या १४ लाख ५८ हजार, आणि २०२४ या एका वर्षात एक कोटीच्या वर पर्यटक येऊन गेले. ते बहुतेक उतरतात किनारपट्टीला. त्यांच्या पाण्याच्या बाटल्या, नारळ, पार्सलचे डबे हे त्या गावातल्या घरांनी केलेले नाहीत, पण मोजले जातात त्याच गाडीत. उलट बाजूही सांगायला हवी, हॉटेलांच्या स्वयंपाकघरातनं ओला कचरा ढिगाने आणि एकसारखा येतो, वेगळा ठेवायला सोपा जातो, त्यामुळे त्या गावाचा टक्का चढतो तोही घरांमुळे नाही. घरगुती कचऱ्याचा रेट म्हणून जो आकडा तक्त्यात होता त्यात घरं किती आणि हॉटेलं किती ते त्यांच्या सुपरवायझरलाही वेगळं काढता येत नव्हतं.

इथपर्यंत सगळं आमच्या बाजूने जात होतं, आणि नेमकं इथेच मला सगळ्यात जास्त काळजी वाटायला लागली. मी म्हणत होते की टक्का सोडा, दर माणशी उरलेला कचरा किती किलो ते बघा. बेल्जियममधला फ्लँडर्स हा भाग वर्षानुवर्षं तसंच लक्ष्य ठेवतो, दर माणशी वर्षाला उरलेला कचरा इतक्या किलोच्या खाली. पण उरलेला कचरा कमी दिसायचा एक वाईट रस्ता पण आहे, आणि तो आमच्या गावात आहे. न्हाणीत भाणाखाली (पाणी तापवायच्या हंड्याखाली) जाळ करताना चुडतं (माडाच्या वाळक्या झावळ्या), करवंट्या, सोडणं (नारळाची सालं) लावतात आणि पेटवण घ्यायला पिशवी. जे जाळलं ते कुणाच्याच शीटमध्ये येत नाही, आणि माझ्या लाडक्या मापाने तर जाळणारं गाव पहिलं येईल.

यावर उपाय काकींनीच काढला. त्या म्हणाल्या, दुधाच्या पिशव्या मोज. दूध कुणी घरी बनवत नाही, ज्यांच्याकडे गाय नाही ते पिशवी घेतात, गावात दोनच दुकानं पिशव्या ठेवतात, रोज किती क्रेट उतरतात ते दुकानदाराला पाठ असतं. तेवढ्या पिशव्या गावात आल्या तर तेवढ्याच रिकाम्या कुठेतरी निघायला पाहिजेत. आम्ही महिनाभर दुकानाची विक्री आणि शेडमधल्या पिशव्या शेजारी शेजारी लिहिल्या. शेडमध्ये आलेल्या पिशव्या विकलेल्यांच्या मानाने फार कमी निघाल्या. मग घरोघर विचारलं, आरोप करून नाही, नुसतं काकी, पिशवीचं काय करता म्हणून. काही घरांत धुवून, वाळवून, खिळ्याला अडकवून ठेवल्या होत्या, भंगारवाला घेतो. काहींनी त्यात माती भरून मिरचीची, पोफळीची रोपं लावली होती, परसात रांगेने. आणि बऱ्याच घरांत सरळ सांगितलं की पेटवणाला जातात. ज्या वाड्यावर टेम्पो जात नाही, चढ आहे म्हणून, तिथे तर जवळजवळ सगळ्याच.

हे मी सभेत लपवलं नाही. उघड्यावर कचरा जाळण्यावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्येच ५ हजारांचा दंड सांगितलाय, पण दंडाची पावती फाडून वरच्या वाड्यावरची बाई पिशव्या जाळायची थांबणार नाही, तिच्या दारात गोणी उचलायला कुणी आलं तर थांबेल. माझं ठाम मत आहे की ज्या घरापर्यंत गाडी पोचत नाही त्या घराला नावं ठेवायचा पंचायतीला अधिकार नाही. आणि हे दूधपिशवीचं माप किनाऱ्यावरच्या गावालाही लावता येतं, तिथे जाळत नाहीत पण शेतात, खाजनात (खाडीकाठच्या जमिनीत), व्हाळात किती जातं ते अशाच कुठल्यातरी ओळखीच्या मालावरनं कळेल.

सभेत मग नुसती "आमचा आकडा चुकीचा काढला" ही तक्रार केली नाही, नवीन तक्ता मांडला. त्यात एक टक्का नाही. पहिल्या रकान्यात दर माणशी शेडमध्ये काय आलं, दुसऱ्यात विकलं किती आणि कुणाला, तिसऱ्यात गठ्ठे किती गेले, चौथ्यात किती घरांत ओला कचरा घरीच जिरतो (हे वजनाने नाही, घरं मोजून), आणि पाचव्यात दुधाच्या पिशव्या, आल्या किती आणि विकल्या गेल्या किती. हॉटेल-बारची गाडी वेगळी तोलायची. वजन दोन्हीकडे निवडून झाल्यावर, कोरड्यात. हा तक्ता वाचायला एका टक्क्यापेक्षा कटकटीचा आहे, मान्य, पण यात गावाने काय केलं आणि काय राहिलं ते दोन्ही दिसतं.

तुलना करूच नये असं मी म्हणत नाही, उलट तुलनेतनंच आम्ही शिकलो. आमच्याहून पलीकडे, हद्द ओलांडली की वेंगुर्ला, छोटी नगरपरिषद, तिथे कचरा डेपोच्या जागेचा पार्क केला, कचरा वीसहून जास्त प्रकारांत वेगळा करतात, लोक बघायला जातात. पणजीत सोसायट्यांमध्ये १६ प्रकारे वेगळा करायची व्यवस्था आहे. तिथला टक्का काय हे विचारायला मी जाणारच नाही, मी विचारीन की वेफर्सचं पाकीट तुम्ही कुठे ठेवता, भिजलेल्या पुठ्ठ्याचं काय करता, निवडणाऱ्या बाईला महिन्याला हातात काय पडतं. दक्षिण कोरियाने २००५ मध्ये अन्नकचरा जमिनीत पुरायला बंदी घातली आणि तिथे बऱ्याच ठिकाणी घरातला अन्नकचरा तोलून पैसे घेतात, ही गोष्ट घेण्यासारखी आहे का, तर आमच्या गावात नाही कारण अन्न गाईला जातं, पण किनाऱ्यावरच्या हॉटेलांना नक्की लागू पडेल. जर्मनीत एकदाच वापरायच्या बाटलीवर २५ सेंट अनामत असते, ती परत मिळते म्हणून बाटल्या जवळजवळ सगळ्या परत येतात, आणि आपल्या गोव्यातही अनामत-परताव्याची योजना २०२४ ला अधिसूचित झाली. ती जर पाकिटांपर्यंत पोचली तर शेडमधलं चित्रच पालटेल, कारण आज पाकिटाला किंमत नाही म्हणून ते गठ्ठ्यात जातं, किंमत आली की शाळेची पोरं वेचून आणतील.

निकाल असा लागला की गटाचं काम एका वर्षासाठी कायम झालं. कॉन्ट्रॅक्टरचा प्रस्ताव मागे ठेवला, फेटाळला नाही, हे नीट लक्षात ठेवायला हवं. पंचांनी स्वतः येऊन शेडमध्ये अर्धा दिवस बसून निवडणं बघितलं, आणि त्यानंतर त्यांनीच टेम्पोऐवजी वरच्या वाड्यासाठी छोटी तीनचाकी मागायचा ठराव मांडला, त्यांचं कौतुक आहे. किनाऱ्यावरच्या गावाने हॉटेलांची गाडी वेगळी तोलायला सुरुवात केलीय आणि त्यांचा सुपरवायझर मला दर महिन्याला रजिस्टरच्या पानाचा फोटो पाठवतो, मी आमचा पाठवते. त्यांचा घरांचा टक्का हॉटेलं काढल्यावर खाली आला, तरी त्यांनी ते काम थांबवलं नाही.

एक गोष्ट मात्र दोन्ही गावांत तशीच अडलीय. गठ्ठ्यांतनं वेगळी केलेली सगळ्यात जड पिशवी म्हंजे डायपर आणि सॅनिटरी पॅड. ते नीट गुंडाळून द्यायचे असं घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमांतच होतं, पण आमच्याकडे निम्म्याहून जास्त घरांतनं ते तसेच सुक्या गोणीत येतात आणि बायकांना हाताने काढावे लागतात. हातमोजे फाटतात, नवीन मिळायला दोन-दोन महिने जातात. नव्या तक्त्यात त्यासाठी सहावा रकाना घातलाय, आणि पुढच्या ग्रामसभेसाठी ठराव तयार आहे: घरोघर लाल खुणेच्या कागदी पिशव्या, ते उचलायला आठवड्यातनं दोन वेळा वेगळी फेरी, आणि गटाला दर महिन्याला हातमोजे पंचायतीच्या खर्चाने. वाड्यावाड्यांवर सह्या घेणं चालू आहे, वरच्या वाड्यावरच्या सगळ्यांच्या झाल्या.